शेवटच्या बांधीचं पाणी

२८ सप्टेंबर

आज पुन्हा फुलवंताला ग्लास धरायला शिकवलं. काठाला बोट लावायचं नाही, खालून दोन बोटांत धरायचा, पाहुण्याच्या उजव्या बाजूनं ठेवायचा, दोन पावलं मागं सरायचं आणि मग विचारायचं, "आणखी काही?" ती म्हणते, "ताई, पानी प्याचा ग्लास हाय जी, तान्हं पोट्टं नोहे." हसले मी. मग रागावले. बोटीवर ताई नाही, मॅडम म्हणायचं. घरी ताई.

'राजहंस' म्हणजे शेठच्या भाषेत यॉट. कसली मेली यॉट! फ्रान्समध्ये अँटिबला ज्या बोटीवर मी होते, तिच्या पोटात एवढी एक बोट नुसती किनाऱ्यावर ये-जा करायला ठेवलेली असायची. पण रायपूरच्या शेठनं ट्रकवर तुकडे-तुकडे आणून आमच्या गावतलावात ही जोडली, आणि दोन खोल्या, मागचा डेक, पांढऱ्या गाद्या असा थाट केला. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी सुट्टी काढून आले ती इथंच राहिले. बोटींवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीनं परत फोन केला नाही. मग शेठच्या मॅनेजरनं, चंद्रकुमारनं, विचारलं. यॉटवर चार सीझन केलेली पोरगी त्याला गोंदिया जिल्ह्यात भेटली यावर त्याचा अजून विश्वास बसत नाही.

माझ्या हाताखाली तिघं. फुलवंता आणि प्रेमिला आतलं बघतात, हेमराज दोर आणि इंजिन. तिघांनाही मी तेच शिकवते जे मला मार्थानं शिकवलं. ती तिथली आमची मुख्य, केपटाऊनची. पाहुण्याला काय पाहिजे ते त्याच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. आपण तिथं होतो याची खूण राहता कामा नये. न्हाणीघराच्या काचेवरचे थेंबसुद्धा पाहुणा बाहेर पडला की लगेच पुसायचे. आणि 'नाही' हा शब्द किनाऱ्यावर ठेवून यायचा.

फुलवंतानं विचारलं, "मंग मनात नाही आलं तं?" म्हटलं, मनात येऊ दे, चेहऱ्यावर नको.

२ ऑक्टोबर

सकाळी रेवाराम काका घरी आले. फुलवंताचे वडील. गोंडांची वस्ती, टोला, आहे ना, पाट जिथं संपतो तिथं, तिथं त्यांची बांधी, धानाचं खाचर. तलावाच्या पाण्याची सगळ्यात शेवटची.

बाबा आमच्या गावचे पाणकर. आजोबाही होते. हा तलाव आमच्या कोहळी जातीतल्या कुणा पूर्वजानं बांधला म्हणतात, तेव्हापासून पाण्याचा शब्द आमच्या घरात आहे. तुडुम, म्हणजे पाराखालचं, तलावाच्या बांधाखालचं दगडी तोंड, पाणकर म्हणेल तेव्हाच उघडतं. खुंटा निघाला की पाटात पाणी. आणि रीत अशी की पाणी आधी शेवटच्या बांधीला, मग वर वर येत पाराजवळच्यांना. पाराजवळच्यांना काय, झिरपून झिरपूनही मिळतं. शेवटच्याला पाटाचंच.

रेवाराम काका अंगणात उकिडवे बसले. "केवळराम भाऊ, धान पोटात हाय, लोंब भराची हाय. पाऊस तं पळूनच गेला. आता पानी नाही भेटलं तं फोल होते."

"चार दिवस पाहू, मंग सोडतो," बाबा म्हणाले. "तुले कधी उपाशी ठेवलं का गा पाण्याले?"

"नाही जी. म्हनून तं येतो."

मी चहा दिला. काकांनी कप दोन्ही हातांनी घेतला. फुलवंता चांगलं काम करते का विचारलं. म्हटलं, सगळ्यांत चांगलं. खरंच करते.

४ ऑक्टोबर

झालं. चंद्रकुमारनं आज बोलावलं. शेठच्या मुलीचा साखरपुडा बोटीवर करायचा ठरलाय, मुलाकडचे दुबईहून येणार, चौदा तारखेला. मी म्हटलं, छान. मग तो म्हणाला, "पानी छोड़ दिया तो बोट कीचड़ में बैठ जाएगी। तुम्हारे पिताजी को बोलो, फंक्शन के बाद छोड़ें।"

"बाद में धान को पानी का क्या फायदा?"

"देखो डिंपल, शेठ को 'नहीं' कौन बोलेगा? मैं तो नहीं बोलूँगा।" आणि हसला. "तुम्हारे चारों की नौकरी का सवाल है। मेरा भी।"

चुपचाप ऐकून आले. तिथंच तोंडावर म्हणायला पाहिजे होतं की हा तलाव तुमच्या शेठचा स्विमिंग पूल नव्हे. जिभेवर आलं होतं. पण गेली किती वर्षं जिभेवर आलेलं गिळायचाच पगार घेतलाय मी.

घरी येऊन बाबांना सरळ विचारायचं ठरवलं होतं. ते गुडघ्याला तेल लावून बसले होते. विचारलं नाही.

५ ऑक्टोबर

विचारलं तर ते नाही म्हणतील. मला ठाऊक आहे. आणि त्यांनी नाही म्हटलं की मग मला शेठला नाही म्हणावं लागेल.

म्हणून विचारायचंच नाही. बाबांना बोटीवर बोलवायचं. एवढे दिवस झाले, लेकीचं काम बघितलंच नाही त्यांनी.

आई म्हणाली, "मले नाही बोलवत का व?" म्हटलं, तू दिवाळीला ये. आईनं तोंड वाकडं केलं आणि भाकरी थापत राहिली.

६ ऑक्टोबर

बाबा आले. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. हेमराजनं हात धरून चढवलं.

मी सगळं तयार ठेवलं होतं. मागच्या डेकवर पूर्वेकडं तोंड करून खुर्ची, कारण दुपारी ऊन त्यांच्या डोळ्यावर येतं. गुडघ्याखाली बुटकं स्टूल, त्यावर उशी, बरोबर त्या कोनात जसं डॉक्टरांनी सांगितलंय. गरम पाण्यातला टॉवेल. चहा चिनी मातीच्या कपात नाही, घरच्या स्टीलच्या पेल्यात, साखर आई देते त्याच्या दुप्पट. भाजलेले हरभरे. गावातला एक माणूस बसून राहिलाय असं नाही, राजा बसलाय असं वाटावं, असं. त्यांच्या पायांना चिखल होता, पांढऱ्या लाकडावर ठसे उमटले. त्यांनी मान वळवायच्या आत मी पुसले.

बाबा म्हणाले, "काऊन पुसतं? माहेच पाय हायेत." मग हसले.

मला हे काम येतं. इतकं मात्र येतं. कोण कशानं विरघळतो ते दोन मिनिटांत कळतं मला. एका अरब शेखाच्या म्हाताऱ्या आईला मी असंच बसवलं होतं, ती तीन दिवस दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी प्याली नाही. आज मी माझ्या बापाला तसं बसवलं.

ते पाण्याकडं बघत होते. "इथून तुडुम दिसते," म्हणाले.

मग मी बोलले. म्हटलं, बाबा, मोबाईलवर पाऊस दाखवतोय, नऊ-दहा तारखेला, चांगला. आठ दिवस थांबलात तर वरूनच येईल, तलावातलं पाणी उन्हाळ्याला वाचेल.

कुठला पाऊस! एक ढगाचं चित्र होतं नऊ तारखेवर, आणि शेजारी दहा टक्के.

"खरंच दाखवते का?"

मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. ते म्हणाले, "चश्मा नाही आनला, तूच पाय." पेल्यातला चहा संपवला. मग विचारलं, "हे सगळं तुझ्याच हातानं चालते का?" हो म्हटलं. "इथलं काम टिकन का तुझं?" टिकेल म्हटलं, शेठ खूश आहे. थोड्या वेळानं पुन्हा तेच, "टिकन ना?"

उतरताना म्हणाले, "थांबतो आठ दिवस. येईन पाऊस."

खुर्ची आवडली त्यांना. खूप आवडली.

७ ऑक्टोबर

सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. बाबांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात चष्मा होता. आठवलं नसेल त्यांना. साठी ओलांडली की असंच होतं माणसाचं.

१० ऑक्टोबर

आभाळ कोरडं. सकाळपासून पंधरा वेळा बघितलं.

प्रेमिला आणि फुलवंता उशांचे कोपरे सरळ करत होत्या. फुलवंता मध्येच म्हणाली, "ताई, पानी कवा सुटन?"

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बोटीवर मॅडम."

"मॅडम, पानी कवा सुटन?"

"बाबा सांगतील."

ती "बरं जी" म्हणाली आणि उशीवर हात फिरवला. एक सुरकुती नाही ठेवली. हे लिहिताना मला माझी लाज वाटतेय, पण तेव्हा मला फक्त बरं वाटलं की तिनं पुढं विचारलं नाही.

१४ ऑक्टोबर

साखरपुडा झाला. एकही चूक नाही. मी चार सीझनमध्ये इतकी नीट सर्व्हिस बघितली नाही, आणि ही पोरं या उन्हाळ्यापर्यंत धानाच्या पेंढ्या बांधत होती. मार्था बघती तर मिठी मारती. शेठनं सगळ्यांसमोर म्हटलं, "ये हमारी डिंपल, फ्रांस रिटर्न।" फ्रान्समध्ये मी खिडकी नसलेल्या खोलीत तिघींबरोबर झोपत होते, पण ते राहू द्या.

नवऱ्या मुलाची आत्या डेकवर बसली होती. चष्म्यातून लांब बघत फुलवंताला विचारलं, "वो दूर, पीला-पीला सा क्या है? बहुत सुंदर लग रहा है।"

मी तिथंच होते. मलाही दिसत होतं. पाराजवळचं सगळं हिरवं, आणि टोल्याकडं एक पिवळा पट्टा.

फुलवंता हसली. दात न दाखवता, जसं शिकवलंय तसं. "धान है मैडम। हमारा है।"

"अच्छा! लकी हो।"

"आणखी काही लागन, मॅडम?" ती मराठीतच बोलली, आत्याबाईंना कळलंही. लिंबूपाणी पाहिजे होतं. फुलवंता गेली, आणि तिच्या जाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

मी आत जाऊन भांड्यांच्या कपाटाला डोकं टेकवून उभी राहिले. मग तोंड धुतलं आणि बाहेर आले.

१५ ऑक्टोबर

आज तुडुम उघडलं. बाबांनी पारावर नारळ फोडला, हेमराजनं बुडी मारून खुंटा काढला. पाणी खळाळत पाटात गेलं. पोरं पाण्याबरोबर पळत गेली टोल्यापर्यंत. बाबा गुडघा धरत धरत त्यांच्या मागं गेले, मी नको म्हणत असताना. काठी टेकत, अख्खा पाट चालत. परत येऊन बाजेवर आडवे झाले. आईनं पाय शेकले.

मी विचारलं, पोचलं का पाणी? "पोचलं," म्हणाले.

'राजहंस' दुपारपर्यंत चिखलात बसली. चंद्रकुमारनं फोटो काढून शेठला पाठवला आणि खाली लिहिलं, सीझन ओवर.

९ नोव्हेंबर

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलंच नाही. बोटीची आवराआवर, गाद्यांना खोळी.

आज मुद्दाम टोल्याकडून गेले. भरलेली लोंब वाकते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. रेवाराम काकांच्या बांधीत लोंबी उभ्या होत्या. सरळ, ताठ, हलक्या. वाऱ्यानं सळसळल्या तर आवाजही कागदासारखा. मी एक हातात घेऊन दाबली. चपटी. दुसरी घेतली. बांधाजवळच्या पट्ट्यात थोडं भरलंय, बाकी सगळं फोल.

काका लांब होते, त्यांनी हात केला. मीही केला. पळतच निघाले म्हणा ना.

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही. शेठला तर बांधी म्हणजे काय हेही माहीत नाही, त्याच्यावर काय ढकलू?

१६ नोव्हेंबर

समाजमंदिरात बैठक होती. मी बायकांत मागं बसले.

भोजराज उभा राहिला. त्याचं शेत पाराजवळ, त्याचं काही बिघडलेलं नाही, पण बोलायला तोच पुढं. "पानकरानं उशीर काऊन केला? टोल्यातली चार घरं बुडाली. बोटीसाठी पानी थांबवलं म्हनतेत लोकं. खरं का?"

बाबा काठी धरून उठले.

"बोटीचा काही संबंध नाही," म्हणाले. "मले वाटलं पाऊस येईन. माहा अंदाज चुकला. म्हातारा झालो. पानकरकी दुसऱ्याले द्या."

रेवाराम काका तेवढे म्हणाले, "राहू द्या ना जी, होते असं." पण बाबांनी मान हलवली. बैठकीतल्याच हिरालालला पाणकर केलं. एवढ्या पिढ्यांचं काम, चहा होईपर्यंत संपलं.

आणि मी? मी उठले, चहाचं ताट घेतलं, आणि सगळ्यांना चहा दिला. उजव्या बाजूनं. बाबांना दिला तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही, पेला घेतला. चेहऱ्यावर काही दिसू न देणं मला येतं, ते मी आजवर मार्थाच्या नावावर सांगत होते.

घरी येऊन म्हटलं, बाबा, पाऊस मीच सांगितला होता. ते म्हणाले, "आभायाचं कोनाले समजते बाई. जेव."

मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. जेवले.

२३ नोव्हेंबर

मळणी झाली की प्रत्येक घर पाणकराला सूपभर धान आणून देतं. यंदाचं पाणी बाबांनीच सोडलेलं, म्हणून यंदाचा मान त्यांचा. सकाळपासून लोक येताहेत. भोजराजसुद्धा आला, तोंड पाडून, पण आला. बाबा आतून बाहेर येईनात. "तूच घे," म्हणाले.

शेवटी रेवाराम काका आले. डोक्यावर सूप. काठोकाठ. मी म्हटलं, काका, तुमच्याकडून नको. खरंच नको.

"काऊन नको? पानी भेटलं ना. उशिरा का होईना, भेटलं."

मी सुपात हात घातला. एकेक दाणा टपोरा, भरलेला. फोल एक नाही. किती पाखडलं असेल त्यांनी एवढ्यासाठी! बांधाजवळच्या त्या पट्ट्यातलं, सगळं, बहुतेक.

आई दारात उभी होती. आतल्या बाबांकडं बघून म्हणाली, "बाहेर या जी." ते आले नाहीत.

२५ नोव्हेंबर

आज ते सूप घेऊन टोल्यावर गेले. ठरवूनच गेले होते, परत करायचं आणि सांगायचं. मोबाईलवर पाऊस नव्हता. मी खोटं बोलले. बाबांनी नाही, मी पाणी अडवलं.

काका जंगलात गेले होते. फुलवंता अंगण सारवत होती. मला बघून हात धुतले, बाज टाकली, आत गेली. पाणी घेऊन आली. ग्लास खालून दोन बोटांत धरलेला. उजव्या बाजूनं ठेवला. दोन पावलं मागं सरली.

"आणखी काही, मॅडम?"

"फुलवंता, घरी ताई म्हण ना ग."

ती हसली. दात न दाखवता.

मी सूप पुढं केलं. ती म्हणाली, तो पाणकराचा मान आहे, परत घेत नसतात. मग मी सांगितलं. सगळं. पाठ करून आले होते तरी मध्ये मध्ये अडकले. पाऊस नव्हता दाखवत, फुलवंता, म्हटलं.

"माहीत हाय," ती म्हणाली. "मोबाईल मायाजवळबी हाय."

मी ग्लास उचलून एक घोट घेतला.

"तुमच्या बाबालेबी माहीत होतं. ते बोटीवर आले ना, त्याच्या आदल्या रोजी मीच दाखवलं होतं त्याईले. दहा टक्के हाय म्हनून सांगतलं होतं. चश्मा लावून पायलं त्याईनं."

माझ्या हातातला ग्लास मी बाजेच्या लाकडी पट्टीवर ठेवला. उठले. मी पुरती उभी राहायच्या आतच तिनं ग्लास उचलला आणि लाकडावरचा ओला गोल पदरानं पुसून टाकला. तसंच शिकवलं होतं मी.

पाटाच्या काठानं सूप कमरेवर घेऊन परत आले. बाबा अंगणात बाजेवर बसले होते. सूप बघून म्हणाले, "नाही घेतलं ना? नाही घेनार ते." आणि सरकून जागा केली.

मी त्यांच्याशेजारी बसले. सूप दोघांच्या मध्ये ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "काम टिकलं ना तुझं?"

नाही म्हणायचं होतं. उद्यापासून जात नाही, असं म्हणायचं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, चष्मा लावून, नीट.

"हो," म्हटलं मी. "टिकलं."